आपल्या हिशोबाचे फंक्शन आपणच लिहा

प्रकाशा, शहादा, सारंगखेडा, तळोदा या पट्ट्यातून दरवर्षी बरीच मुलं-मुली बारावी सायन्स करून पुढे जातात. कुणी शहाद्यात बीएस्सीला, कुणी नंदुरबार-धुळ्याला पॉलिटेक्निकला, कुणी थेट नाशिक-पुण्याला इंजिनीअरिंगला. पहिल्या-दुसऱ्या वर्षात त्यांच्यासमोर गणित करणारी एखादी संगणकाची भाषा येते. कुठे मॅटलॅब, कुठे साइलॅब, कुठे ऑक्टेव्ह. मग सुरू होते पाठांतर. कंस कुठे गोल, कुठे चौकोनी, अर्धविराम कुठे, कुठल्या फंक्शनचं नाव काय. प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री वहीवरून वही उतरवली जाते, तोंडी परीक्षेत सिंटॅक्स घडाघडा म्हणून दाखवला जातो, आणि महिनाभराने डोक्यात काहीच उरलेलं नसतं. गणितात हुशार असलेली पोरंसुद्धा यानंतर 'कॉम्प्युटर आपल्याला जमत नाही' असं मनाशी पक्कं करून टाकतात. याचं मला फार वाईट वाटतं, कारण ते खरं नाही.

या मुलांना, त्यांच्या आईवडिलांना आणि त्यांना शिकवणाऱ्या सरांना-मॅडमना माझी कळकळीची विनंती आहे. तयार फंक्शनांची यादी पाठ करण्याच्या आधी एक छोटं फंक्शन स्वतः लिहा, आणि ते आपल्या गावच्या, आपल्याला पक्क्या माहीत असलेल्या हिशोबाचं लिहा. सिंटॅक्स त्याच्या मागोमाग येतो.

फंक्शन ही काही परकी वस्तू नाही. त्रैराशिक आपण सगळे शाळेत शिकलो. तीन संख्या द्यायच्या, ठरलेल्या क्रमाने गुणाकार-भागाकार करायचा, चौथी संख्या मिळते. इतक्या मजुरांना इतके दिवस, तर तितक्या मजुरांना किती? आर्यभटाने ही रीत पाचव्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवली आणि भास्कराचार्यांच्या ११५० च्या 'लीलावती'त तिच्यावर कितीतरी उदाहरणं आहेत. आत काय जातं, बाहेर काय येतं आणि मधे कोणती कृती होते, एवढं ठरवलं की फंक्शन झालं. आपल्या आजोबांच्या पिढीने पाठ केलेली पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी हीसुद्धा फंक्शनंच. एक संख्या दिली की तिची दीडपट तयार. फरक इतकाच की ती डोक्यात साठवावी लागत, आणि आता कृती एकदा लिहून ठेवली की यंत्र ती हजार वेळा न कंटाळता करतं.

आता आपल्या तापीकाठचा हिशोब घेऊ. पावसाळ्यात वर भुसावळजवळ हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की सारंगखेडा आणि प्रकाशा इथल्या बॅरेजचेही दरवाजे उघडतात, नदीकाठच्या गावांना सावधगिरीचा इशारा येतो, आणि बातमीत आकडा असतो 'इतके क्युसेक'. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, साधारण २८.३ लिटर. धरणातला साठा मात्र टीएमसीत सांगतात. टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. एक आकडा पाणी किती जोरात जातंय ते सांगतो, दुसरा पाणी एकूण किती ते. या दोहोंची सांगड घालायची तर मधे वेळ लागतो. एका तासात ३६०० सेकंद. म्हणून:

फंक्शन टीएमसी = पाणी(विसर्ग, तास)
टीएमसी = विसर्ग .* तास * ३६०० / १०^९;
एंडफंक्शन

इथे छपाईसाठी सगळं देवनागरीत लिहिलं आहे. संगणकावर टंकताना अक्षरं रोमन आणि आकडे इंग्रजी लागतात. पण नावं मराठीच ठेवा, रोमन अक्षरांत. 'पाणी', 'तास', 'भाव', 'एकर' अशी. 'ए', 'बी', 'एक्स' अशी नावं दिली की आठवड्याने आपलंच लिहिलेलं आपल्याला कळत नाही. एक जपा, या भाषांना मोठ्या लिपीतलं आणि लहान लिपीतलं अक्षर वेगळं वाटतं. एकदा नाव लहान अक्षरात लिहिलं तर शेवटपर्यंत लहानच.

या तीन ओळींत सिंटॅक्सचा बराचसा भाग येऊन गेला. पहिल्या ओळीत बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे बाहेर येणारी गोष्ट, उजवीकडे फंक्शनचं नाव, गोल कंसात आत जाणाऱ्या गोष्टी. मधल्या ओळीत कृती. डावीकडे जे नाव दिलं त्याला मधे कुठेतरी किंमत मिळालीच पाहिजे, नाहीतर फंक्शन चालून संपतं आणि बाहेर देण्यासारखं काही नसल्याने चूक दाखवतं. ओळीच्या शेवटचा अर्धविराम म्हणजे 'उत्तर काढ, पण पडद्यावर दाखवू नकोस'. हाच अर्धविराम चौकोनी कंसात आला तर अर्थ बदलतो, तिथे तो 'नवी ओळ सुरू' असं सांगतो. चौकोनी कंस संख्यांची रांग बांधतो. गोल कंस फंक्शनला हाक मारतो, किंवा रांगेतली कितवी संख्या हवी ते सांगतो. आणि मोजणी एकपासून सुरू होते, शून्यापासून नाही.

चालवून बघू. समजा, एका दिवशी आधी ६ तास २०,००० क्युसेक, मग ८ तास ६०,००० आणि पुढचे १० तास १,००,००० क्युसेक पाणी सुटलं. हे आकडे फक्त उदाहरणासाठी.

विसर्ग = [२०००० ६०००० १०००००];
तास = [६ ८ १०];
सम(पाणी(विसर्ग, तास))

'सम' हे बेरीज करणारं तयार फंक्शन. उत्तर येतं ५.७६. म्हणजे चोवीस तासांत पावणेसहा टीएमसीच्या आसपास पाणी खाली गेलं. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर, हे लक्षात घेतलं की या आकड्याचं वजन कळतं. खाली गुजरातेत उकाई धरण आहे. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाईतून सोडाव्या लागलेल्या पाण्याने सुरत शहर बुडालं होतं. नदीच्या पाण्याचा हिशोब वेळेवर आणि बिनचूक होणं म्हणजे काय, हे तापीकाठच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

आता फंक्शनमधल्या त्या टिंबाकडे या, गुणाकाराच्या चिन्हाआधी आहे ते. विद्यार्थ्यांचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. टिंब गाळून नुसतं * लिहा, यंत्र कुरकुरेल की माप जुळत नाही. असं का होतं ते समजायला या भाषा कुठून आल्या ते पाहावं लागेल. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको विद्यापीठात क्लीव्ह मोलर हे गणिताचे प्राध्यापक होते. मॅट्रिक्सची गणितं सोडवायचे उत्तम प्रोग्रॅम तेव्हा होते, पण ते वापरायला फोरट्रान यावी लागे. आपल्या विद्यार्थ्यांना फोरट्रान न लिहिता ते वापरता यावेत म्हणून त्यांनी मॅटलॅब तयार केलं. नावाचा अर्थच मॅट्रिक्स लॅबोरेटरी. १९८४ मध्ये त्याची कंपनी झाली. पुढे आलेल्या साइलॅब आणि ऑक्टेव्ह यांनी तोच घाट उचलला. म्हणून या भाषांत प्रत्येक गोष्ट मुळात मॅट्रिक्स आहे, एकटी संख्यासुद्धा एक ओळ-एक स्तंभाची मॅट्रिक्स. आणि साध्या * चा अर्थ मॅट्रिक्सचा गुणाकार. आपल्याला जोडीजोडीने गुणायचं असेल, पहिल्याला पहिलं, दुसऱ्याला दुसरं, तर .* लिहायचं.

हे एकदा उमगलं की टिंब पाठ करावं लागत नाही. उलट थोडी मौज करून बघा. तास उभे लिहा, [६; ८; १०] असे, आणि विसर्ग * तास करा. टिंब नसताना उत्तर येईल १६,००,०००. तिन्ही गुणाकारांची बेरीज आपोआप. त्याला ३६०० ने गुणून १०^९ ने भागलं की तेच ५.७६. आता क्रम उलटा करा, तास * विसर्ग. यंत्र एकाऐवजी नऊ संख्यांचा चौकोन पुढे ठेवतं, आणि चूक झाल्याचा संदेशही देत नाही, कारण गणिताच्या नियमाने ते बरोबरच आहे. बारावीला मॅट्रिक्सचा गुणाकार शिकताना ओळ आणि स्तंभ यांचा जो नियम आपण घोकला, तो इथे डोळ्यांसमोर काम करताना दिसतो.

म्हणूनच सांगतो, लाल अक्षरात आलेल्या चुकीला घाबरू नका. ती चांगली चूक. यंत्र ओळीचा क्रमांक सांगतं, काय खटकलं ते सांगतं. इंग्रजी वाचायचा धीर होत नसेल तर आधी फक्त ओळीचा क्रमांक बघा आणि त्या ओळीतले कंस मोजा. निम्म्या चुका तिथेच सापडतात. खरी घाबरायची चूक ती, जी गपगुमान चुकीचं उत्तर देते. साइन फंक्शनला ३० द्या. आपण म्हणतो अर्धा यायला हवा. यंत्र म्हणतं उणे ०.९८८. त्याला कोन रेडियनमध्ये लागतो. अंशात द्यायचा तर नावाच्या शेवटी 'डी' लावलेलं वेगळं फंक्शन आहे. लॉगला १०० द्या, २ येणार नाही, ४.६०५ येईल. नुसता लॉग म्हणजे नैसर्गिक लॉग, दहाच्या पायाचा हवा तर 'लॉग१०'. एक बरोबर चिन्ह म्हणजे 'ही किंमत या नावात ठेव', दोन बरोबर चिन्हं म्हणजे 'या दोन्ही सारख्या आहेत का?' आणि ०.१ अधिक ०.२ हे ०.३ च्या बरोबर आहे का असं विचारलं तर यंत्र नाही म्हणतं. त्याच्या आत दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवले जातात आणि ०.१ तिथे पुरता मावत नाही. एवढ्यासाठी दोन अपूर्णांक सारखे आहेत का हे विचारण्याऐवजी त्यांच्यातला फरक अगदी बारीक आहे का, ते विचारायचं.

साइलॅब वापरणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट, कारण ती फार छळते. फंक्शनच्या आत एखादं नाव तुम्ही आत जाणाऱ्या गोष्टींत लिहायला विसरलात, पण त्याच नावाची किंमत बाहेर आधीच पडलेली असली, तर साइलॅब ती बाहेरची किंमत उचलतं. आपल्या उदाहरणात पहिल्या ओळीत 'तास' लिहायचं राहिलं आणि हाक मारतानाही नुसता 'विसर्ग' दिला, तरी आज सगळं सुरळीत चालेल. उद्या लॅबमध्ये दुसऱ्या यंत्रावर तेच फंक्शन उघडलं की बंद पडेल, किंवा तिथे पडलेल्या दुसऱ्याच कुठल्या 'तास'ला धरून भलतंच उत्तर देईल. उपाय सोपा. फंक्शन तयार झालं की 'क्लिअर' म्हणून सगळी स्मृती पुसा आणि पुन्हा चालवून बघा.

यंत्राला एकक कळत नाही, हेही ध्यानात असू द्या. क्युसेकच्या जागी कुणी क्युमेकचा आकडा घातला, म्हणजे घनमीटरचा, तर उत्तर ३५ पटींनी चुकेल आणि यंत्राचा चेहरा तसाच राहील. म्हणून फंक्शनच्या डोक्यावर टीप लिहा, काय द्यायचं, कोणत्या एककात द्यायचं, काय मिळेल. साइलॅबमध्ये दोन तिरप्या रेघा मारल्या की पुढचा मजकूर टीप ठरतो, ऑक्टेव्हमध्ये टक्क्याचं चिन्ह. आणि चालवण्याआधी उत्तराचा अंदाज हाताने काढा. ऑक्टेव्ह हे नाव ऑक्टेव्ह लेव्हनस्पील या केमिकल इंजिनीअरिंगच्या प्राध्यापकांवरून आलं आहे. कागदाच्या चिटोऱ्यावर झटपट ठोकताळा मांडण्याबद्दल ते प्रसिद्ध होते. जॉन ईटन यांनी १९९२ मध्ये ऑक्टेव्हवर काम सुरू केलं, ते केमिकल इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांना अभ्यासाच्या पुस्तकासोबत वापरता यावं म्हणून.

आता पैशाचं. आईवडिलांनो, हे तुमच्यासाठी. मॅटलॅब विकत घ्यावं लागतं. कॉलेजने घेतलेलं असेल तर मुलांनी ते खुशाल वापरावं. पण कुणाच्या पेनड्राइव्हवरून कुलूप तोडलेली प्रत घरच्या लॅपटॉपवर टाकू देऊ नका. ती चोरी आहे, आणि अशा प्रतीबरोबर व्हायरस घरात येतो. गरजही नाही. साइलॅब फ्रान्समधल्या सरकारी संशोधन संस्थेत, इनरियात, घडलं आणि १९९४ पासून सगळ्यांसाठी खुलं आहे. ऑक्टेव्हही मोफत आहे. पदवीच्या अभ्यासाला यातलं कुठलंही एक पुरतं. आणि या विषयासाठी हजारो रुपयांचा क्लास लावण्याआधी आपल्या मुंबईच्या आयआयटीने काय करून ठेवलंय ते बघा. तिथे केंद्र सरकारच्या मदतीने फॉसी नावाचा प्रकल्प चालतो. प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने तिथेच स्पोकन ट्युटोरियल सुरू झालं. साइलॅबचे छोटे-छोटे पाठ, प्रत्येक साधारण दहा मिनिटांचा. पडद्यावर खरं सॉफ्टवेअर चालतं आणि सांगणारा आवाज मराठीतही मिळतो. पाठ थांबवायचा, बाजूच्या खिडकीत तसंच करून बघायचं, मग पुढे जायचं, अशीच त्याची रचना आहे. फॉसीने देशभरातल्या विद्यार्थ्यांकडून इंजिनीअरिंगच्या पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणं साइलॅबमध्ये लिहून घेतली आहेत, तीही मोफत बघता येतात.

मराठी आवाजाचं महत्त्व इथे जास्त आहे. आपल्याकडे घरात अहिराणी, गुजरी, भिल्ली, पावरी बोलली जाते. शाळेत मराठी, आणि अकरावीपासून एकदम इंग्रजी. दोन पायऱ्या चढून आलेल्या मुलाला तिसरी पायरी उंच वाटली तर त्यात त्याची चूक नाही. पण या भाषांमधले मूळ इंग्रजी शब्द मोजके आहेत, इफ, एल्स, फॉर, व्हाइल, एंड, फंक्शन असे. ते आठवड्याभरात बोटांना सवयीचे होतात. बाकी सगळं गणित आहे, आणि गणिताला घरची-बाहेरची अशी भाषा नसते.

सर-मॅडमना मात्र हात जोडून सांगणं आहे. तोंडी परीक्षेत 'अमुक फंक्शनचा सिंटॅक्स सांग' हा प्रश्न बंद करा. तो मदतीच्या पानावर मिळतो, 'हेल्प' टंकलं की. त्याऐवजी वर्षात एक असं फंक्शन प्रत्येकाकडून लिहून घ्या, जे वर्गात दुसऱ्या कुणाचं नसेल. मुलाने स्वतः हिशोब आणावा, टीप लिहावी, हाताने काढलेलं एक उत्तर जोडावं. मग त्यातली एक ओळ तुम्ही बदला आणि विचारा, आता काय होईल? उतरवून आणलेली जर्नल आणि स्वतः लिहिलेलं फंक्शन यातला फरक दोन मिनिटांत कळतो.

आणि गावाला. चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या परिसरात १२०७ सालचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी तिथे मठ काढला, त्याची ती नोंद. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो जगापुढे आणला. लेखाच्या शेवटी जुन्या मराठीत दानाचा तपशील आहे. राजकुळाकडून जमीन-पैसा आला तो आलाच, पण बाजारात येणाऱ्या मालावरच्या कराचा वाटा मठाला लावून दिला, आणि तेलाच्या घाण्यांमागे पळी-पळी तेलसुद्धा. आपल्या खानदेशात गणित शिकण्याची सोय बाजारपेठेच्या आणि घाणेवाल्यांच्या वाट्यातून होत होती, आठशे वर्षांपूर्वी. आज प्रकाशासारख्या गावात वाचनालयाच्या किंवा पंचायतीच्या एका खोलीत दोन जुने पण चालू संगणक, साइलॅब टाकलेले, आणि संध्याकाळी दोन तास वीज-इंटरनेट, एवढं केलं तरी कितीतरी मुलांची अडचण सुटेल. कारण घरी लॅपटॉप नाही, मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर कंस दिसत नाहीत, आणि कॉलेजची लॅब पाचला बंद होते, हे आपल्याकडचं वास्तव आहे. गावातून बाहेर नोकरीला गेलेल्यांनी, बदललेला पण धड असलेला लॅपटॉप भंगारात न देता तिथे आणून द्यावा.

पहिलं फंक्शन कशाचं लिहावं ते सुचत नसेल तर शेताकडे बघा. उसाला ठिबक आहे. ड्रिपर ताशी किती लिटरचा, एकरात किती ड्रिपर, मोटार किती तास चालली, हे दिलं की पाणी किती लागलं ते सांगणारं फंक्शन. पपईच्या तोडणीचं वजन आणि रोजचा भाव अशा दोन रांगा देऊन हंगामाची रक्कम काढणारं, वाहतूक आणि तोलाई वजा करून. उपसा सिंचनाच्या वीजबिलाची वाटणी सभासदांच्या क्षेत्राप्रमाणे करणारं, हे जरा अवघड आहे, पण ते जमलं तर वडील स्वतःहून शेजारी येऊन बसतील आणि आकडे सांगतील. आणि वर दिलेलं 'पाणी' फंक्शन आधी टंकून बघायचं असेल तर त्याला ११,५७४ क्युसेक आणि २४ तास द्या. उत्तर जवळजवळ १ आलं पाहिजे. नाही आलं, तर पहिल्या ओळीपासून कंस तपासायला लागा.